दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली का? एका वरच्या दाढेची पूर्ण केस

ही केस लिहायचं कारण असं की रूट कॅनलबद्दल (म्हणजे दाताच्या आतली खराब नस काढून, पोकळी धुऊन ती भरून टाकणं) जेवढे म्हणून गैरसमज आमच्या दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत येऊन बसतात ते जवळजवळ सगळे या एकाच दाढेभोवती गोळा झाले होते. आणि त्यातला जो सगळ्यात महागात पडला त्याला कुणी गैरसमज म्हणतच नाही. तो म्हणजे, दुखायचं थांबलं ना, मग झालं बरं. या दाढेचं दुखणं वेगवेगळ्या वेळी थांबलं आणि दर वेळी घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि दर वेळी दाढ आधीपेक्षा वाईट अवस्थेत होती.

पेशंटला आपण मावशी म्हणू. पन्नाशी ओलांडलेल्या, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात खानावळ चालवतात (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत). डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत पण शुगर तपासणं म्हणजे आठवण झाली तर. सकाळ-संध्याकाळ मिश्री. उजवीकडची खालची दाढ फार पूर्वीच काढून टाकलेली, त्याजागी काही बसवलेलं नाही, त्यामुळे सगळं चावणं डावीकडे. आणि प्रॉब्लेम होता डावीकडच्या वरच्या पहिल्या दाढेत, म्हणजे ज्या बाजूवर सगळा भार त्याच बाजूला.

सुरुवात नेहमीसारखीच. गार पाणी लागलं की सणक जायची, दोन दाढांच्या फटीत पोळीचा तुकडा, भाजीचा दोरा अडकायचा, काडी घालून काढायच्या. टीव्हीवर जाहिरात बघून सेन्सिटिव्हिटीची पेस्ट आणली, बरं वाटलं. या टप्प्यावर कीड दाताच्या वरच्या कडक थरातून आतल्या मऊ थरात पोचलेली असते पण आतली नस अजून ठीक असते, नुसतं साफ करून सिमेंट भरलं तरी काम भागतं, अर्धा-पाऊण तास आणि काही शे रुपये. पण गार लागल्यावर दोन सेकंद सणक येणं हे काही कुणाला डॉक्टरकडे जाण्याइतकं मोठं वाटत नाही, मावशींनाही वाटलं नाही. मग हळूहळू ती सणकही गेली.

माझ्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात फ्रिजमधली पाण्याची बाटली होती. बाहेर बाकावर बसून दर दोन-तीन मिनिटांनी घोट घ्यायच्या, तो डाव्या गालात धरून ठेवायच्या, गरम झाला की गिळायच्या, परत घोट. रात्री उशाशी बाटली आणि दोन वाजता उठून फ्रिजमधून दुसरी. खानावळीत आमटीची चव बघायला सूनबाईला पुढे करायच्या कारण गरम काही तोंडात घेतलं की कानशिलापर्यंत ठणका. खरं सांगायचं तर ती बाटली बघितल्यावर निदान बाकावरच झालं होतं. आधी गारने दुखत होतं आणि आता गरमने दुखतंय आणि गारने बरं वाटतंय, हा बदल फार बोलका असतो. आतली नस इतकी सुजलेली असते की चारी बाजूंनी कडक असलेल्या दातात तिला फुगायला जागाच उरत नाही, गारव्याने तो दाब थोडा उतरतो, बाटली संपली की परत चढतो. अशी नस परत पूर्ववत होत नाही, मग ना पेस्टने ना गोळीने ना लवंगेच्या तेलाने. तेल लावून लावून मावशींची तिथली हिरडी पांढरी पडून भाजली होती ते वेगळंच.

एक्स-रे काढला. कीड सरळ नसेपर्यंत गेलेली, मुळांच्या टोकाशी मात्र अजून काही नव्हतं. म्हटलं मावशी, रूट कॅनल करू, आजच सुरू करू, दाढ वाचते तुमची.

तर त्या एकदम मागे सरकल्या. "नस काढायची? वरची? नगं बाई. वरच्या दाताची नस डोळ्याला जाती, डोळं जात्यात."

हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता आश्चर्यही वाटत नाही. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांपासून ते कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे हे मानतात, शहरातही मानतात फक्त बोलून दाखवत नाहीत. यात काय होतं ते एकदा नीट समजून घ्या. चेहऱ्याला जाणीव देणारी एक मोठी नस असते, तिच्या तीन फांद्या. एक कपाळ आणि डोळ्याभोवतीच्या भागाला जाते, दुसरी वरच्या जबड्याला आणि वरच्या दातांना, तिसरी खालच्या जबड्याला. तिन्ही एकाच ठिकाणाहून निघतात म्हणून वरची दाढ ठणकली की डोळ्याच्या मागे, कपाळात दुखल्यासारखं वाटतं. पण दिसतं ज्या नसेमुळे ती नस पूर्ण वेगळी, डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाणारी, तिचा दाताशी काडीचा संबंध नाही. आणि रूट कॅनलमध्ये आपण काढतो ती मुख्य नस नव्हेच, तिची अगदी शेवटची दोऱ्याइतकी शेपटी, जी दाताच्या आत शिरलेली असते तेवढीच. जबड्यातली फांदी जागच्या जागी राहते. आता ही समजूत आली कुठून? माझा अंदाज असा की ज्या वयात लोकांचे दात काढले जातात त्याच वयात चाळिशी लागते, मोतीबिंदू येतो, डायबेटिसने नजर कमी होते, आणि गावात कुणीतरी दाढ काढल्यावर सहा महिन्यांनी चष्मा लागला की जोडणी पक्की होते.

मावशींना हे सगळं सांगितलं, एक्स-रेवर दाखवलं, मान हलवली त्यांनी. मग दुसरी भीती बाहेर आली. शेजारच्या कुणाला रूट कॅनल करताना खुर्चीत ओरडायला झालं होतं. यावर मी खोटं बोलत नाही. नस खूप पेटलेली असली की भूल कधीकधी नीट चढत नाही, खालच्या दाढांना तर जास्तच, कारण खालचं हाड जाड असतं आणि इंजेक्शन लांब मागे द्यावं लागतं. वरचं हाड तुलनेने सच्छिद्र, दाढेच्या बाहेरच्या बाजूला दिलेलं औषध आत झिरपतं, काम सोपं होतं. कमी पडली भूल तर अजून देता येते, थेट नसेतही देता येते. पण लोक जो भयंकर अनुभव सांगतात तो नीट विचारला तर बहुतेक वेळा रूट कॅनलच्या आधीच्या रात्रींचा असतो, ठणक्याचा, आणि आठवणीत तो खुर्चीला चिकटतो. उशिरा आलेला पेशंट जास्त दुखणं अनुभवतो आणि मग तोच दुसऱ्याला सांगतो की जाऊ नको, फार दुखतं. असं ते चक्र.

मावशी म्हणाल्या, "विचार करून सांगते, तोवर गोळी द्या." दुखणं कमी करायची गोळी दिली, अँटिबायोटिक दिलं नाही, आणि का दिलं नाही तेही सांगितलं. तर त्यांनी जाता जाता मेडिकलमधून अमॉक्सिसिलिनची पट्टी घेतलीच, कारण मागे कधीतरी त्याने बरं वाटलं होतं.

आणि मग व्हायचं तेच झालं. चार-पाच दिवसांत ठणका पूर्ण थांबला. बाटली परत फ्रिजमध्ये गेली, आमटीची चव मावशीच बघायला लागल्या. श्रेय थोडं पट्टीला, थोडं मिश्रीला (दुखऱ्या दाढेवर मिश्री धरली की बरं वाटतं ही आणखी एक पक्की समजूत, तंबाखूच ती, थोडं बधिर वाटतं आणि सवय मात्र आयुष्यभराची लागते), आणि थोडं आठवडी बाजारातल्या त्या माणसाला जो भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा बाहेर काढून दाखवतो. तो किडा दाखवतोही, पांढरा, बारीक, वळवळल्यासारखा वाटणारा. धुरी द्यायच्या बियांच्या पोटातला कोंब असतो तो. दातात किडा असतो हे पिअर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्येच खोडून काढलंय, पण आमच्या बाजारात तो किडा दर आठवड्याला निघतो.

प्रत्यक्षात दाढेत काय झालं? नस मेली. बस्. दुखायला जे लागतं तेच संपलं, म्हणून दुखणं संपलं. हा आजार बरा होणं नव्हे, आजार पुढच्या खोलीत गेला एवढंच. आणि अँटिबायोटिक तिथे का चालत नाही तर औषध जातं रक्तातून, आणि मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही. ज्या घराची पाण्याची लाइन कापलीय तिथल्या टाकीत तुम्ही नगरपालिकेच्या जलशुद्धीकरणातून औषध पोचवणार कसं? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की एरवी तब्येत बरी असलेल्या मोठ्या माणसाला दाताचा उपचार लगेच मिळणार असेल तर नुसत्या नसेच्या दुखण्याला अँटिबायोटिक देऊ नका. आपल्याकडे मात्र दाढ दुखली की पाच दिवसांचा कोर्स, तोही तीन दिवसांत सोडायचा, हे घराघरांत चालू आहे आणि यात आम्हा डॉक्टर मंडळींचाही हात आहे, पेशंट मागतो म्हणून लिहून देणारे कमी नाहीत.

साधारण तीन महिन्यांनी मुलगा त्यांना गाडीवर मागे बसवून घेऊन आला. डावा गाल सुजून खालची पापणी वर ढकललेली, डोळा अर्धा मिटलेला, अंगात ताप, शुगर २८० च्या वर. मावशींचं पहिलं वाक्य, "बघा, नस न काढताच डोळ्यावर आलं, काढली असती तर काय झालं असतं!" आता यावर हसावं की रडावं. सगळं उलटं होतं. डोळ्यापर्यंत पोचलं ते उपचार न केलेलं इन्फेक्शन. वरच्या दातातला पू हाड फोडून गालात उतरतो, तिथून सूज डोळ्याखाली चढते, आणि क्वचित कधी डोळ्याच्या खोबणीत किंवा त्याच्याही मागे गेला तर तो खरोखर जीवावरचा प्रसंग असतो. म्हणजे डोळ्याची भीती अगदीच निराधार होती असं नाही, ती फक्त चुकीच्या बाजूला बोट दाखवत होती.

मी आधी तेवढंच तपासलं जे अशा वेळी तपासलं पाहिजे. गिळायला त्रास होतोय का, श्वासाला अडचण, तोंड किती उघडतंय, डोळा सगळीकडे फिरतोय का, एकाचे दोन दिसतायत का. यातलं एक जरी हो असतं तर त्यांना तशीच जिल्ह्याच्या ठिकाणी हॉस्पिटलला पाठवलं असतं, क्लिनिकमध्ये ठेवायची ती केस नव्हे. सुदैवाने सगळं नाही निघालं. गार स्प्रे मारलेला कापसाचा बोळा दाढेला लावला तर काहीच कळलं नाही, शेजारच्या दाढेला लगेच कळलं. आरशाच्या दांड्याने हळूच ठोकलं तर खुर्चीतून उठल्या. आणि एक्स-रेत आता मुळांच्या टोकाशी काळी सावली, तीन महिन्यांपूर्वी तिथे काही नव्हतं. दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी स्क्रीनवर ठेवून मुलाला दाखवले, त्याचा चेहरा उतरला, कारण आईची दाढ बरी झाली असंच तोही धरून चालला होता.

त्याने विचारलं की इतके एक्स-रे चालतात का, रेडिएशनचं काय. एका दाताच्या डिजिटल एक्स-रेला जेवढं रेडिएशन लागतं ते आपल्याला जमिनीतून, हवेतून, आकाशातून दिवसभरात आपोआप मिळतं त्याहूनही सहसा कमी असतं. पुढे.

दुसरा प्रश्न, शुगर इतकी असताना दाताला हात लावायचा? हाही फार पसरलेला समज, डायबेटिसवाल्याने दाताचं काही करायचं नाही, जखम भरत नाही. अहो पण पू आत ठेवला तर शुगर उतरणार कशी? इन्फेक्शन शुगर वाढवतं, वाढलेली शुगर इन्फेक्शनला खाऊ घालते. त्यांच्या फिजिशियनशी फोनवर बोलून गोळ्या बदलल्या, आणि त्याच दिवशी दाढ उघडली. टाळूकडच्या मुळाच्या कॅनलमध्ये, म्हणजे मुळातल्या नसेच्या बारीक नळीत, फाइल (सुईसारखी बारीक कानस) गेली आणि पू वर आला, पिवळा, मग रक्तमिश्रित, बराच वेळ येत राहिला. दाब सुटला तसे मावशींचे खांदे खाली आले. या वेळी अँटिबायोटिक दिलं, कारण या वेळी इन्फेक्शन दातापुरतं राहिलं नव्हतं, ताप होता, पसरती सूज होती. तेव्हा का नाही आणि आता का, हे सूनबाईने नीट विचारून घेतलं, हुशार पोरगी आहे.

सूज उतरल्यावर खरं काम सुरू झालं. दाढेवर रबर डॅम लावला, म्हणजे रबराचा पातळ पडदा, त्यातून फक्त एक दाढ बाहेर, लाळ आत जात नाही आणि औषध-फाइल घशात पडत नाही. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका डेंटिस्टने काढलेली ही युक्ती, अजूनही कित्येक ठिकाणी वेळ जातो म्हणून लावत नाहीत. तुमचं रूट कॅनल होणार असेल तर रबर डॅम लावणार का एवढं जरूर विचारा, रागावले तर रागावू दे. मग सोडियम हायपोक्लोराइटने कॅनल धुवायचे. मावशी पडद्यामागून कशाबशा म्हणाल्या, "टाकीत टीसीएल टाकल्यावानी वास येतोय." बरोबर ओळखलं, ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती पावडर आणि हे औषध एकाच घराण्यातलं. लोकांना वाटतं रूट कॅनल म्हणजे नस ओढून काढली की झालं. नस काढणं हा सोपा भाग. खरं काम म्हणजे धुणं, कारण फाइल जिथे पोचत नाही अशा फाटे-कोपऱ्यांत जंतू बसलेले असतात.

वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन पण कॅनल बहुतेक वेळा चार. चौथा पुढच्या मुळात लपलेला असतो, तोंड इतकं बारीक की आठ नंबरची फाइल, जिचं टोक ०.०८ मिलिमीटरचं, ती कशीबशी अडकते. मावशींचा चौथा कॅनल सापडायला बाकीच्या तिन्हींपेक्षा जास्त वेळ गेला. भिंग लावून, वरचा दगडासारखा झालेला थर थोडा थोडा खरवडून, शेवटी टाळूच्या बाजूला सरकून फाइलचं टोक अडकलं. हा सुटला असता तर तीन कॅनल छान भरून एक्स-रे सुंदर दिसला असता आणि दाढ दोन वर्षांनी परत सुजली असती, आणि गावभर झालं असतं की रूट कॅनल टिकत नाही. टिकत नाही म्हणणाऱ्यांचे दात तपासले तर कितीतरी वेळा असंच काहीतरी निघतं, सुटलेला कॅनल, अर्धवट भरलेलं मूळ, किंवा न बसवलेली कॅप.

आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध ठेवलं, वर कच्चं सिमेंट, पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

मावशी आल्या नाहीत. दुखत नव्हतं ना.

फोन केला तर खानावळीत लग्नाच्या ऑर्डरी, मग यात्रा, मग मुलाचा निरोप आला की थोडं थांबतोय आम्ही. कारण नंतर कळलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलाने व्हॉट्सॅपवर एक फॉरवर्ड पाठवला होता, कॅन्सरच्या ९७ टक्के पेशंटनी पूर्वी रूट कॅनल केलेलं असतं, मेलेला दात तोंडात ठेवला की विष शरीरभर पसरतं, वगैरे. त्याखाली कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आणि चार बाण काढलेलं चित्र.

या धाकट्याशी मी फोनवर बराच वेळ बोलले, कारण तो वाद घालणारा होता आणि असे लोक मला आवडतात. ही गोष्ट शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रियलला भाषण केलं, की खराब दातांवर सोन्याच्या कॅपा चढवून खाली घाण झाकून ठेवतात आणि त्यातून शरीरभर आजार होतात. तेव्हा ना नीट एक्स-रे होते ना निर्जंतुकीकरण, त्यामुळे त्या काळच्या कामाबद्दल तो फार चुकीचं बोलत नव्हता. मग १९२० च्या दशकात अमेरिकेत वेस्टन प्राइस या डेंटिस्टने रूट कॅनल केलेले दात काढून सशांच्या कातडीखाली बसवले, ससे आजारी पडले, निष्कर्ष निघाला की हे दात विषारी. त्या प्रयोगांत जंतूंचा भरणा प्रचंड होता, तुलनेला धरायचे दात धड नव्हते, आणि पुढे काळजीपूर्वक प्रयोग केल्यावर तसं काही मिळालं नाही. पण तोवर संधिवातापासून वेडापर्यंत कशावरही उपाय म्हणून चांगले दात उपटायची लाट येऊन गेली होती, आणि आजार जागेवर राहिले होते. १९६५ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग झाला तो मात्र आजही शिकवतात. काही उंदीर जन्मापासून जंतूविरहित वातावरणात वाढवलेले, काही साधे, दोघांच्याही दातांची नस उघडी केली. साध्या उंदरांच्या नसा सडल्या, जंतू नसलेल्या उंदरांच्या उघड्या नसेवर चक्क नवा थर धरला. म्हणजे शत्रू जंतू, मेलेली नस नव्हे. जंतू काढा, जागा बंद करा, शरीर पुढचं बघतं.

आणि दात पूर्ण मेलेला असतो हेही अर्धंच खरं. आतली नस जाते, पण मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो, त्याला रक्त मिळतं, म्हणून रूट कॅनल केलेल्या दाताने खडा चावला तर कळतं.

धाकटा म्हणाला, मग तुमच्याकडे आकडा काय? तर योगायोग बघा, माझाही ९७ च. अमेरिकेतल्या एका डेंटल इन्शुरन्सच्या नोंदींवरून २००४ मध्ये एक मोठा अभ्यास आला, १४ लाख ६२ हजारांहून जास्त रूट कॅनल केलेले दात, आठ वर्षांनंतर त्यातले ९७ टक्के तोंडात होते. फॉरवर्डमधल्या ९७ ला मात्र धड अभ्यासच मागे नाही, आणि असता तरी कॅन्सरचे पेशंट जास्त करून उतारवयातले, उतारवयात केलेलं रूट कॅनल सापडणारच, चष्माही सापडेल, पांढरे केसही सापडतील. त्याला मी हेही सांगितलं की माझा आकडाही जपून वाचायचा, तोंडात टिकला म्हणजे मुळाशी पूर्ण भरून आला असं होत नाही. हे ऐकल्यावर तो जरा नरमला, मला वाटतं आकडा पटण्यापेक्षा मी स्वतःच्या आकड्यात खोट दाखवली हे त्याला पटलं.

मावशी आल्या तेव्हा कच्चं सिमेंट अर्धं झिजून उडालेलं होतं, आत परत लाळ आणि अन्न. म्हणजे धुणं, औषध, पुन्हा तारीख. लोकांना वाटतं डॉक्टर पैशासाठी सिटिंगा वाढवतात, काही वाढवत असतीलही, एका सिटिंगमध्ये होणाऱ्या केसेस भरपूर असतात, पण ही त्यातली नव्हती. या वेळी सूनबाई स्वतः तारखेला घेऊन आली आणि चारही कॅनल गट्टापर्चाने भरले. मलेशियाकडच्या झाडाच्या चिकाचं असतं ते, १९ व्या शतकात समुद्राखालच्या तारांवर हाच चीक चढवायचे, पाणी आत जाऊ नये म्हणून. दाढेतही काम तेच.

मग कॅपचा विषय. मोठ्या मुलाचं म्हणणं, दाढ दुखत नाही, चावता येतं, मग अजून पाच हजार कशाला, की हा तुमचा पॅकेजचा भाग? आमच्याकडे दाढेचं रूट कॅनल साधारण चार-पाच हजार आणि कॅप मटेरियलप्रमाणे तीनपासून दहा-बारा हजारांपर्यंत, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण कीड आणि खोदकाम मिळून दाढेच्या भिंतीच उरलेल्या असतात, छप्पर गेलेलं असतं, आणि आत नस नाही म्हणजे तडा जाताना इशारा द्यायलाही कुणी नाही. त्याच २००४ च्या अभ्यासात जे थोडे दात काढावे लागले त्यातल्या ८५ टक्क्यांवर कॅप नव्हती. मी हे सांगितलं, मुलाने मान हलवली, आणि दिवाळीनंतर बघू म्हणून गेले.

दिवाळीच्या आधीच शेंगदाण्याची चिक्की खाताना गालाकडचा एक कोपरा उडाला. मावशी तो तुकडा हातरुमालात बांधून घेऊन आल्या, परत चिकटवता येईल म्हणून. मुळापर्यंत उभा तडा गेला असता तर दाढ काढण्याशिवाय गत्यंतर नव्हतं, इतकं सगळं करून. पण तडा हिरडीच्या जरा वरच थांबला होता. आत पोस्ट (मुळात रोवायची काडी) न बसवता कोअर, म्हणजे कॅपखालचा भराव, करता आला, घासून माप घेतलं, आठवड्याभरात झिर्कोनियाची (दाताच्या रंगाच्या मजबूत सिरॅमिकची) कॅप बसली. हिशेब मांडला तर सिमेंटच्या काही शे रुपयांत भागलं असतं तिथे सगळं मिळून तेरा-चौदा हजारांपर्यंत गेलं, शिवाय मेडिकलचं बिल, बुडालेल्या ऑर्डरी आणि बाजारातल्या त्या धुरीवाल्याचे शंभर रुपये.

काढून टाकली असती तर स्वस्त पडलं असतं, असं मोठा मुलगा अजून म्हणतो. त्या दिवशी पाचशे-सातशेत काम झालं असतं हे खरंच. पण उजवीकडे आधीच दाढ नाही, तिथली समोरची वरची दाढ खाली उतरून आलीय आणि मागची पुढे कलंडलीय हे मी त्याला आरशात दाखवलं. डावीकडची गेली असती तर मावशींनी भाकरी कशाने खायची? ब्रिजला (शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात) शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात, इम्प्लांटला (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) याच्या दुप्पट-तिप्पट खर्च आणि शुगर आटोक्यात पाहिजे ती अट वेगळी. काही दाढा काढण्याच्याच लायकीच्या असतात, तिथे मी रूट कॅनल सुचवत नाही. ही तशी नव्हती.

वर्षभराने एक्स-रे काढला तेव्हा मुळाशी असलेली सावली बरीच आकसली होती, पुढच्या मुळाच्या टोकाशी थोडी शिल्लक आहे, ती पुढच्या वर्षी परत बघायची. शुगर आता तीन महिन्यांनी तपासतात, सूनबाई तारीख कॅलेंडरवर लिहिते. त्याच वेळी खालच्या डाव्या दाढेत एक बारीक काळा ठिपका दिसला, गार लागतं का विचारलं तर म्हणाल्या कधीमधी. म्हटलं आजच भरून टाकू. यावर त्यांनी भूल लागेल का, डोळ्याला काही होईल का, यातलं काहीच विचारलं नाही, फक्त किती वेळ लागेल ते विचारलं कारण खानावळीत अकराच्या आत पोचायचं होतं. मिश्री सोडा म्हणून दर वेळी सांगते, ती मात्र अजून सुटलेली नाही.